प्रज्ञाचा तीन शेपट्यांचा किडा

९ डिसें. २००७, रवि.
नववीची अकरा मुलं घेऊन ओढ्यावर. अंबरनाथच्या वर, टेकडीपाशी, पाणी स्वच्छ. दगड उलटला की मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं, चपटी, मागे तीन बारीक शेपट्या. घाणीत हा किडा जगत नाही, म्हणून तो सापडला की ओढ्याला पैकीच्या पैकी गुण. खाली, कारखान्यांचा नाला मिळतो तिथे नुसत्या लाल अळ्या. मुलांनी नाकाला रुमाल बांधले.
प्रज्ञाने (कॅम्प ४ वस्तीतली, कमी बोलते) वहीत लिहिलं: नाल्याच्या खाली, मेफ्लाय १. वरच्या पाण्यातले किडे ठेवलेला ट्रे तुझ्या ट्रेत मिसळला असणार, मी म्हटलं. नाही म्हणाली.

११ डिसें.
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता पूर्ण. प्रज्ञाची ओळ मी खोडली. हेडसर खूश. संध्याकाळी तिने किडे पकडायची जाळी आणून दिली, धुऊन, वाळवून. आता मी येत नाही, म्हणाली.

१३ डिसें.
मधल्या सुट्टीत तिचे वडील. फर्स्ट शिफ्ट अर्धी टाकून आलेले. भांडायला आलेत असं वाटलं. उभ्यानेच म्हणाले, "बाई, ती चुकली असेल तर कुठे चुकली तेवढं सांगा. दोन दिवस जेवताना तेच विचारतेय."
मी तिचा ट्रे पाहिलाच नव्हता.

१६ डिसें., रवि.
प्रज्ञा आणि मी, दोघीच ओढ्यावर गेलो. नाल्यापासून पन्नासेक पावलं खाली, बाभळीच्या मुळाशी, दगडांखालून पाण्याची बारीक धार येते. बोटाला गार लागली. ओढ्यात मिसळण्याआधी हातभर जागा अगदी नितळ. दोन दगड रिकामे. तिसऱ्याखाली होता. तीन शेपट्या, मोजल्या.
म्हटलं, "मी न बघताच खोडलं, प्रज्ञा. माझं चुकलं."
"ट्रे नीट धरा ना बाई, हलतोय."
मग आणखी दोन सापडले. बघून तिथेच सोडले.

१७ डिसें.
ओळ परत लिहिली, मोठ्या अक्षरात. हेडसर म्हणाले, एवढ्याशा झऱ्याने ओढा काय साफ होणार. बरोबरच आहे. पण तो तिथे आहे, हेही लिहायला हवं.
तास संपल्यावर प्रज्ञा टेबलाशी आली. किडा वरून वाहत आला, की त्या झऱ्यातच अंड्यातून निघाला? वाहत आला तर नाल्यातून जिवंत कसा सुटला? मला माहीत नाही, तेच सांगितलं. मग दर रविवारी जाऊन बघू, म्हणाली.
सात वाजता निघू म्हटलं. तिचं म्हणणं, साडेसहा.