सिगार, काळी बिअर आणि डेप्युटी मॅनेजर

५ जानेवारी २००५
नवे प्लँट हेड टिपणीससाहेब यांच्या टेबलावर सिगारची लाकडी डबी दिसली. म्हणजे माणूस शौकीन. आमच्या सातपूरच्या बेअरिंगच्या कारखान्यात हे फक्त मी हेरलं. डेप्युटी मॅनेजरची जागा रिकामी आहे. माझ्याशिवाय दुसरं नाव घेतात ते निवृत्तीचं. येवल्याचा. माझा ज्युनिअर. मीटिंगमध्ये 'लय' म्हणतो.

७ जानेवारी
सायबर कॅफेत तासभर अभ्यास. सिगार, काळी बिअर आणि चीज, हे तिन्ही जमवण्याला 'पेअरिंग' म्हणतात. नाशकात जो तो वाइन वाइन करत सुटलाय. मी त्यांच्या पुढे गेलो.
बायकोला, म्हणजे मोहिनीला म्हटलं, घरी पेअरिंग करायचंय. ती म्हणाली, बेअरिंग कंपनीत होतात ना, घरी कशाला? या बाईबरोबर सोळा वर्षं काढली.

१० जानेवारी
साहेबांना २२ तारखेला, शनिवारी, दुपारी घरी बोलावलं. लगेच हो म्हणाले. वर म्हणाले, तुमच्याशी थोडं बोलायचंच होतं. समजायचं ते समजलो.
मोहिनी शेवभाजी-भाकरी करते म्हणत होती. आपण ढाबा काढलेला नाही, असं सुनावलं. आणि तिचं इंग्रजी बघता त्या दिवशी स्वयंपाकघरातच थांबायचं, हेही बजावलं. तिने भाकरीच्या पिठाचा डबा परत फळीवर ठेवला. पटलं असावं.

१३ जानेवारी
मेहुण्याने मुंबईहून चार सिगार आणले. सिगार ओलसर ठेवावा लागतो. लोक त्यासाठी महागडी पेटी घेतात. मी ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून मोहिनीच्या मटकीशेजारी टांगली. मटकीला मोड येतात, सिगारला का नाही दम येणार?

१७ जानेवारी
काळी बिअर गावात कुठेच नाही. दुकानदार म्हणाला, स्ट्राँग न्या, डोळ्यांपुढे आपोआप काळं होतं. असल्यांच्या नादी लागत नाही. स्ट्राँगच आणली आणि सासऱ्यांनी पाठवलेली काकवी तीत ढवळली. रंग अस्सल. चव जरा घट्ट. ढेकर फार येतात.

१९ जानेवारी
सिगारवर पांढरी बुरशी. आधी धसका बसला. मग आठवलं, परदेशात बुरशीचं चीजच सगळ्यात महाग असतं. पुसली नाही. आपलं चीज मात्र डब्यातलं, साधं. तेवढं चालेल.
शनिवारी वाढायला निवृत्तीला सांगितलंय, पांढरा शर्ट घालून. त्याची पायरी त्याला आणि साहेबांना एकदमच दिसू दे.

२२ जानेवारी, दुपारी चार
अपेक्षेपेक्षा उत्तम. मी सिगार पेटवून साहेबांच्या तोंडाजवळ धूर सोडला, वास कसा ओळखायचा ते समजावलं. साहेब भारावले. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःचा सिगार पेटवला नाही, नुसता हातात धरून बसले. जाणकार घाई करत नाहीत. बिअरचा एक घोट घेतला आणि तडक गॅलरीत गेले. निवृत्तीने पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मोहिनीकडून ताक मागून प्याले आणि निघाले. एकूण वीस मिनिटं. मोठ्या माणसांना वेळ कुठे असतो. बोलायचं होतं ते राहून गेलं. सोमवारी बोलतील.

२४ जानेवारी
साहेब बोलले नाहीत. ती डबी त्यांच्या धाकट्या भावाची आहे, असं निवृत्तीकडून कळलं. भाऊ गेल्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. साहेब त्या डबीत त्याचा चष्मा ठेवतात. हे माहीत होतं तर आधी सांगितलं का नाहीस, म्हणून निवृत्तीला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "सगळ्या प्लँटला ठावं व्हतं, साहेब. तुम्ही इचारलंच नाय."
चिडलो. पण विचार केला, माझ्यामुळे साहेबांच्या भावाची आठवण जागी झाली. आतून त्यांना बरंच वाटलं असणार.

२७ जानेवारी
निवृत्ती डेप्युटी मॅनेजर.
पर्सोनेलच्या सविताबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं. ऑर्डर गेल्या गुरुवारीच टाइप झाली होती, माझ्या नावाने. घरी, बायकोसमोर हातात द्यायची म्हणून साहेबांनी ती मुद्दाम मागून घेतली होती. शनिवारी माझ्याकडे आले तेव्हा पाकीट त्यांच्या खिशात होतं. सोमवारी परत आणून दिलं आणि फक्त नाव बदलायला सांगितलं.
मी काही केलं नसतं, नुसतं दार उघडलं असतं, तरी पुरलं असतं.
मोहिनीला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला वाईट नाही वाटलं."
उद्या सकाळी आठला निवृत्तीसाहेबांना रिपोर्ट करायचं आहे.