घर क्रमांक सतराचं मडकं

ति. मिसाओआक्कांना, कोकुराहून तोकुइचिचा आदरपूर्वक नमस्कार.

उन्हाळा आता ओसरला, सकाळी अंगावर पातळ पांघरूण घ्यावंसं वाटतं. हितामध्ये तुमच्याकडे नदीचं गार वारं सुटलं असेल, तर गुडघे झाकून बसत जावं. मागच्या पत्रात तुम्ही खोकल्याचं लिहिलं होतं, आणि नंतर तुमचं पत्रच नाही. खोकला गेला म्हणून लिहिलं नाही की वाढला म्हणून लिहिलं नाही, या विचारात माझे आठ दिवस गेले. (दोन्ही नसेल तर उत्तम.) माझी तब्येत बरी आहे, म्हणजे काही दुखत नाही. पण काही न दुखणं हेही या वयात बरं लक्षण आहे की नाही, ते कळत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण तसं लहानच आहे. पुढच्या महिन्यात आमच्या हिचं, तामिएचं, तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध आहे. देवळातल्या गुरुजींना सांगून झालं, जेवण बाहेरून मागवलं आहे, बसायला गाद्या शेजारच्यांकडून येतील. फक्त पानात तामिएच्या मडक्यातली, भाताच्या कोंड्यात मुरवलेली काकडी आणि वांगी नसतील. नातेवाइकांसमोर तुम्ही ‘काकडी कुठाय?’ असं मोठ्याने विचारू नये, एवढंच कळवायचं होतं. आता कळवलं, तेव्हा पत्र इथेच संपायला हवं. पण का नाहीत ते न सांगता संपवलं तर तुम्ही भलतंच काही मनात आणाल, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी टेकडीवरच्या बायकांच्या विद्यापीठात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण कुठल्याशा यादीतून माझं नाव काढायचं राहून गेलं असावं, कारण तिथल्या संशोधनाचं जाडजूड पुस्तक दरवर्षी मला घरपोच येतं. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. सुरुवातीला ते पुस्तक परत करावं असं वाटे, पण परत केलं तर चौकशी होईल आणि आधीचीही परत मागतील, या भीतीने ठेवून घेतलं; आणि ठेवलंच आहे तर न वाचणं बरं नाही, म्हणून वाचू लागलो. आक्का, त्या बायका कशाकशाचा अभ्यास करतात म्हणून सांगू! एकीने हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी बायका एकावर एक किती झगे घालत आणि त्यांचा भार किती होई, ते तराजू लावून काढलंय. एकीने कांद्याच्या सालींनी रेशीम रंगवलंय. एकजण वीस वर्षं ग्रंथालयामागच्या भिंतीवरचं शेवाळ मोजते आहे. (ती भिंत मी दोनदा घासून स्वच्छ केली होती. हे मी कुणाला बोललेलो नाही.) गणिताच्या एका बाईंचा लेख म्हणजे चार पानं नुसत्या खुणा आणि शेवटी ‘म्हणून सिद्ध झालं’. काय सिद्ध झालं ते कळलं नाही, पण एक प्रकरण मिटलं याचं समाधान वाटलं.

माझी चूक झाली ती इथे, की छापलेलं सगळं मी पाळू लागलो. ‘मोजे घालताना वृद्धांच्या कमरेवर येणारा ताण’ हा लेख वाचल्यापासून मी खुर्चीवर बसून मोजे घालतो आणि तेव्हापासून एकदाही पडलो नाही. बालवाडीतल्या मुलांच्या दुपारच्या झोपेवर एक लेख होता; त्याप्रमाणे दीड वाजता वीस मिनिटं झोपतो. मुलं चार-पाच वर्षांची होती हे खरं, पण मलाही त्याने तरतरी येते. इतकं बरं झाल्यावर विश्वास बसणारच की नाही, तुम्हीच सांगा.

तर दोन वर्षांपूर्वी, तामिए गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, अन्नशास्त्राच्या इसोगाई बाई दारात आल्या. गावातल्या जुन्या घरांतली कोंड्याची मडकी त्या तपासत होत्या. तामिएचं मडकं तुम्हा दोघींच्या आईच्या हातचं, म्हणजे नव्वद वर्षांचं तरी. त्यांनी त्यातला वाडगाभर कोंडा नेला आणि कापसाने माझा तळहातही पुसून नेला. तळहात कशाला, असं विचारायचं राहून गेलं आणि मग महिनाभर मला वाटत राहिलं की हातात काहीतरी निघणार. यंदाच्या पुस्तकात तो लेख आला. एक्केचाळीस मडकी, त्यात आपलं ‘घर क्रमांक सतरा’. मी पुस्तक देव्हाऱ्यात तामिएच्या फोटोपुढे ठेवलं, उदबत्ती लावली, मग चष्मा लावून वाचायला बसलो. पान एकशे बारावर लिहिलं होतं की माणसाच्या एका तळहातावर लाखांनी जंतू असतात आणि मडकं ढवळताना ते कोंड्यात उतरतात.

रोज सकाळी मी तामिएच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घालून कोंडा खालीवर करत होतो! बॉयलरचा कोळसा उपसलेला हात! त्याच दुपारी औषधाच्या दुकानातून रबरी हातमोजे आणले, ते उकळले, आणि त्या दिवसापासून हातमोज्यांनी ढवळू लागलो. मडक्याचे काठही जंतुनाशकाने रोज पुसले. (सांगताना लाज वाटते, पण हात आत गेला की दोन थेंब आतही पडत असावेत.) जूनच्या अखेरीस वास बदलला. आधी ओल्या बुटासारखा, मग रंगाऱ्याच्या डब्यासारखा. मी मोहरीची पूड घातली, मीठ घातलं, तिरफळं घातली, अंड्याची टरफलं कुटून घातली. जुलैत काकडी बाहेर काढली तर ती बोटांतून गळून पडली. ऑगस्टमध्ये मृतांचे आत्मे घरी येतात त्या सणाला तामिएला काय दाखवायचं म्हणून सणाच्या आदल्या दिवशी सगळा कोंडा परसात हायड्रेंजियाच्या मुळाशी पुरला आणि मडकं घासून पालथं घातलं. ते झाडही आता सुकत चाललं आहे.

मागच्या आठवड्यात इसोगाई बाई दुसऱ्या फेरीचा कोंडा न्यायला आल्या. पालथं मडकं पाहून त्या उंबऱ्यावरच बसल्या.

“अहो सुएमात्सुकाका, हातमोजे? कुणी सांगितलं तुम्हाला हातमोजे घालायला?”

“तुम्हीच. पान एकशे बारा.”

“आणि एकशे तेरा?”

“तिथे दीड वाजला,” मी म्हटलं.

बाईंनी आपल्या पिशवीतून पुस्तक काढून एकशे तेरावं पान मला वाचून दाखवलं. हातावरच्या जंतूंनीच प्रत्येक घराच्या मडक्याला आपापली चव येते, असं तिथे आहे. आणि घर क्रमांक सतरामध्ये एक जंतू असा सापडला की जो बाकीच्या चाळीस मडक्यांत नाही, आणि माझ्या तळहातावरही नाही.

“मग आला कुठून?” मी विचारलं.

“या मडक्यात तुमच्या आधी रोज कोण हात घालत होतं, काका?”

मी आत देव्हाऱ्याकडे पाहिलं. त्या मग घाईघाईने म्हणाल्या, “पुरावा नाही हं. आम्हाला फक्त ‘असावा’ असं लिहिता येतं.”

आक्का, मला ‘असावा’ पुरेसं होतं. म्हणजे दोन वर्षं ती घरात होती आणि मी तिला हातमोजे घालून, औषध लावून हाकलून दिलं. मी विचारलं, तुम्ही नेलेल्या वाडग्यातला थोडा शिल्लक असेल ना? बाईंची मान खाली गेली. बराचसा तपासणीत संपला होता आणि उरलेल्यात पोरींनी मार्चमध्ये निरोपसमारंभाला काकड्या मुरवून भाताबरोबर खाल्ल्या. “फार छान लागल्या,” त्या म्हणाल्या आणि ओशाळल्या. मी म्हटलं, छान लागल्या ना, मग झालं.

तर अशी हकिकत आहे. श्राद्धाला काकडी नाही, याचा फार बोभाटा करू नये. तुमचा खोकला कसा आहे ते मात्र नक्की कळवावं.

आपला नम्र,
सुएमात्सु तोकुइचि

ता. क. एक राहिलं. पुराच्या वर्षी हितामधलं तुमचं मडकं वाहून गेलं आणि तामिएने आपल्या मडक्यातला अर्धा कोंडा चहाच्या डब्यात भरून तुम्हाला गुपचूप पाठवला, हे तिने मला दवाखान्यात असताना सांगितलं. तुम्ही प्रत्येक लग्नाकार्यात ‘माझं मडकं आईच्या हातचं, पुरातूनही वाचलं’ असं सांगता, तेव्हा मी मान डोलावतो आणि यापुढेही डोलावीन. हे काही मनात ठेवून लिहीत नाही. पण श्राद्धाला येताना त्यातला वाटीभर कोंडा विरजणाला आणलात तर फार उपकार होतील. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. राग मानू नका, पण वाटीत काढताना हात लावू नये, चमच्याने काढावा. तुमचे जंतू चांगलेच असतील, पण मला तामिएचे हवे आहेत.

ता. क. तिसरा. पत्र पोस्टात टाकायला निघालो होतो तो चढावर इसोगाई बाई भेटल्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, चमच्याने काढून काय उपयोग, काका? इतकी वर्षं त्या आक्कांचा हात त्यात रोज आहे. आता दोघींचं एकमेकींत मिसळलेलं, ते कुणालाच वेगळं काढता येणार नाही. म्हणून पोस्टाच्या बाकावर बसून पाकीट उघडून हे लिहितो आहे. तुम्ही दोघी बहिणी एका स्वयंपाकघरात तासभर कधी भांडल्याशिवाय राहिला नाहीत, आणि त्या मडक्यात इतकी वर्षं नांदता आहात. तेव्हा वाटीभर नको, मोठा डबा भरून आणा. आणि हात घालूनच काढा.