एलईडी टेललाइट आणि साक्षीचा साखरपुडा

शनिवार, ८ नोव्हेंबर
टेललाइटचं पार्सल आलं. धुरकट काळी काच, आत लाल पट्टी, इंडिकेटर धावता. यांच्यापुढे गाडीचे कंपनीचे लाइट म्हणजे रॉकेलचे कंदील. बारामतीत असले लाइट मोजक्यांकडे, आणि त्यांनीही पैसे मोजून बसवून घेतलेले. मी स्वतः बसवणार.

मेहुणा धम्मदीप आला होता. एमआयडीसीत नोकरी, त्यामुळे जगातल्या सगळ्या वायरी आपल्याच असं त्याला वाटतं. "दाजी, चांगल्या लाइटला कशाला हात लावताय? आन् वायर तर कापूच नका." मत्सर. दुसरं काही नाही. त्याची स्वतःची गाडी बघून भंगारवाले थांबतात.

त्याच्या धाकट्या बहिणीचा, साक्षीचा, २३ तारखेला इंदापुरात साखरपुडा. घरून हॉलवर ती माझ्या गाडीतून जाणार. सासऱ्यांनी, म्हणजे श्रीपतीतात्यांनी, फुलं लावलेली गाडी भाड्याने ठरवली होती. मी ती कॅन्सल करायला लावली. घरचा थोरला जावई असताना भाड्याची गाडी!

रविवार, ९ नोव्हेंबर
चहाच्या आत काम संपवायचं होतं. जेवण झालं तरी चालूच. नव्या लाइटचा वायरजोड, म्हणजे कपलर, गाडीच्या कपलरला बसेना. बनवणाऱ्याला अक्कल नाही. गाडीचा कपलर कापला, वायरी पिळल्या, टेप मारली. माहितीपत्रक फेकून दिलं. चित्रं लहान मुलांसाठी असतात.

जुने लाइट भंगारात दिले. मागे वळून बघणाऱ्यांतला मी नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागतो. उजवा इंडिकेटर दिला की अंगात आल्यासारखा फडफडतो. कॉलेजच्या पार्किंगमध्ये अख्खा स्टाफ जमला. फिजिक्सचे सर म्हणाले, भूगोलवाल्यांनी नद्या-डोंगरांत राहावं. या गृहस्थाला स्टाफरूमचा पंखा आजवर दुरुस्त करता आलेला नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
व्हिडिओ बघून विषय संपवला. एलईडी करंट कमी घेतो. गाडीला वाटतं बल्बच गेला, म्हणून फडफड. उपाय, जादा करंट खाणारा रेझिस्टर. आणून डिकीत चिकटवला. डाव्या बाजूच्या वायरी अदलून-बदलून बसवल्या. फडफड बंद, ब्रेक ब्रेकच्या जागी. अंजलीला दाखवायला खाली बोलावलं. बायको "हं" म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून वर गेली. शिट्टी मला ऐकू आली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
डिकीत जळका वास. रेझिस्टर भयंकर तापतो, तो उघड्या पत्र्यावर लावायचा, प्लास्टिकवर नाही. व्हिडिओवाल्याने हे अगदी शेवटी सांगितलंय. शेवटपर्यंत व्हिडिओ कोण बघतं? मॅटला खड्डा पडला. अंजली म्हणते साक्षीची साडी या डिकीतून नेणार नाही, मांडीवर घेऊन बसेन. बसू दे.

रविवार, १६ नोव्हेंबर
अंजलीच्या हट्टापायी पिंपळीला जोतीराम इलेक्ट्रिशियनकडे. डिकीत डोकावून त्याने कपाळाला हात लावला. "सायेब, कुणी केलं हे?" म्हटलं, एका गावठी मेकॅनिकने. "त्याला परत गाडीजवळ उभा करू नका. गाडी ठिवून जावा, समदं उपसून नव्यानं करतो."

गाडी ठेवून जा! म्हणजे मी कॉलेजला एसटीने जायचं. तसाच परत फिरलो. वाटेभर अंजली खिडकीबाहेर बघत बसली. पटलं असावं.

बुधवार, १९ नोव्हेंबर
रेझिस्टर पत्र्यावर हलवला. जागा अपुरी, म्हणून ब्रेकची वायर त्याच्या अंगावरून घेतली. वर भरपूर टेप. ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर, सगळं चोख. जोतीरामसारख्यांचे धंदे लोकांच्या भित्रेपणावर चालतात.

शनिवार, २२ नोव्हेंबर, इंदापूर
वाटेत मागचा ट्रकवाला सारखा हॉर्न देत होता. लाइट आवडले असावेत. अंजलीच्या मते तो शिव्या देत होता.

गाडी सासऱ्यांच्या बोळाच्या तोंडाशी लावली. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला मागची बाजू नीट दिसते. धम्मदीपची गाडी आत. "दाजी, जरा बाजूला घेता का? सकाळी सगळ्यांनाच निघायचंय." घेतली नाही. नवरीची गाडी पुढेच असते.

नवऱ्या मुलाला भेटलो. अनुप, लोणी भापकरचा. कृषी सहायक. दर प्रश्नाला "व्हय" म्हणतो आणि जमिनीकडे बघतो. मोटरसायकलवर फिरतो. या घरचा जावई म्हणून त्याला बरंच शिकवावं लागेल.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी
फुलं लावून झाली. साक्षी आणि अंजली मागे बसल्या. इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला. डिकीतून फट् असा आवाज. गियर हलेना. ऑटोमॅटिक गाडी, 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगला, अडकली. पुन्हा ब्रेक. पुन्हा ब्रेक. काही नाही.

सगळे ढकलतायत. 'पी'मध्ये चाकं लॉक असतात हे मी सांगितलेलं नाही. निदान ते कामात आहेत.

बोळ बंद. धम्मदीपची गाडी आत कोंडली. तात्या नुसते घड्याळ बघतायत. त्यांनी बोलायला हवं होतं.

त्याच दिवशी, दुपारी, गाडीत बसून
बिघाडाचं निदान मीच केलं. रेझिस्टरच्या उष्णतेने ब्रेकच्या वायरचं आवरण वितळलं, ती पत्र्याला लागली, फ्यूज उडाला. ब्रेक दाबल्याची खबर त्याच वायरीवरून जाते, ती मिळाल्याशिवाय गियर 'पी'मधून सुटत नाही. कंपनीची रचनाच ढिसाळ. टेललाइटचा आणि गियरचा काय संबंध?

हॉलवर भंतेजी येऊन थांबले होते. धम्मदीपने अनुपला फोन केला. तो नव्या सुटात मोटरसायकलवर आला. मला वाटलं, आता जमिनीकडे बघत उभा राहील. त्याने माझ्याकडे बघितलं, फुलांच्या गाडीकडे बघितलं, आणि साक्षीला म्हणाला, "बसतीस का? साडी सांभाळ." ती हसत खाली उतरली. एका हाताने साडी धरली, दुसरा त्याच्या खांद्यावर. बोळातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यासुद्धा हसले. आमच्या लग्नात ते हसल्याचं मला आठवत नाही.

बाकीचे चालत गेले. उतरताना अंजली म्हणाली, "येताय का?" म्हटलं, फुलं लावलेली गाडी अशी सोडून कसं येऊ, कुणी हात लावला तर? तिने पदर सावरला. मग गेली.

कुणी हात लावला नाही.

हॉलवरची वंदना इथपर्यंत ऐकू येत होती. मग टाळ्या. मग माइकवर कुणीतरी म्हणालं, फोटोसाठी जावयांनी पुढे यावं. मी काच वर केली.

आत्ता सासूबाई, अक्काबाई, ताट झाकून घेऊन आल्या. या वयात, हॉलपासून चालत. मी त्यांना रेझिस्टर, फ्यूज, कंपनीची चूक, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बॉनेटवरची फुलं हाताने सारली आणि ताट तिथं ठेवलं.

"जेवा, जावईबापू. सावकाश जेवा. गाडी काय कुठं पळून जात न्हाय."