पेटीतला खारट खडा

ती. स्व. काकूंच्या चरणी पुतणीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? बाळबाळंतीण सुखरूप असतील. बाळ दिवसा झोपतं आणि रात्री जागतं असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मते त्याला दिवसा कोणीतरी मुद्दाम झोपवत असणार. जरा लक्ष ठेवा. (माझा रोख जावयांवर नाही, पण त्यांच्यावरही ठेवायला हरकत नाही.) इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे वरवर तरी आहे. काका मजेत आहेत. लेकीच्या बाळंतपणाला जाताना त्यांना माझ्या हवाली करून तुम्ही बजावलं होतंत, की मिठाचा कणही त्यांच्या पोटात जाता कामा नये. तो जात नाही. घरातलं मीठ कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. मी स्वतःही बिनमिठाचं जेवते, कारण माझ्या ताटातून त्यांच्या ताटात जायच्या सगळ्या वाटा मला माहीत आहेत. पाय शेकण्यासाठी तुम्ही दिलेली खड्या मिठाची पिशवीसुद्धा त्याच कुलपात आहे. रोज संध्याकाळी मी स्वतः गरम पाण्यात मूठभर मीठ टाकते, ते विरघळेपर्यंत तिथून हलत नाही, आणि मगच त्यांना पाय बुडवू देते. एकदा पाय बुडाले की ते पाणी चाखायची इच्छा कोणालाही होणार नाही, अगदी काकांनाही नाही. इतकं करूनसुद्धा सुरुवातीला त्यांचा रक्तदाब तसूभर उतरला नाही. डॉक्टर माझ्याकडे संशयाने बघायचे आणि मी डॉक्टरांच्या यंत्राकडे.

पण काकू, हे पत्र रक्तदाबासाठी नाही. आमच्या प्रयोगशाळेत चोरी झाली, चोराने माल परत आणून ठेवला, आणि चोर अजून मोकळा आहे. मी काय काम करते ते तुम्ही प्रत्येक लग्नात विचारता आणि मी सांगायला लागले की कोणीतरी तुम्हाला जेवायला बोलावतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. समुद्र आटला की मीठ उरतं. मिठाचा खडा तयार होताना त्याच्या पोटात पाण्याचा एखादा थेंब अडकून राहतो, आणि त्या थेंबात मीठप्रेमी सूक्ष्मजीव असू शकतात. इतर जीव मिठाने मरतात, यांना मिठावाचून जगता येत नाही. (घरात असा एक माणूस सांभाळत असल्यामुळे मला या जीवांविषयी जास्तच माया वाटते.) जमिनीत खोल गाडलं गेलेलं मीठ काही कोटी वर्षं जुनं असतं. त्यातला एखादा थेंब उघडला आणि त्यातून जिवंत काही निघालं, तर जगाला सांगण्यासारखी गोष्ट होते. तेवढ्या एका थेंबासाठी मी माझं तरुणपण घालवलंय. आमच्याकडे असा एकच चांगला खडा उरला होता. स्वच्छ, काचेसारखा, कोपरे अगदी धारदार. आणि योगायोग बघा, तो ज्या विहिरीतून निघाला ती खणणाऱ्या तुकडीचे प्रमुख आपले काकाच. म्हणून तर आमच्या प्रमुख बाईंनी काकांना माझ्याबरोबर रोज प्रयोगशाळेत येऊन बसायची परवानगी दिली. (घरी एकटं सोडू नकोस, हे तुमचं दुसरं कलम.) नमुन्यांच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची आहे. ते तिथे वर्तमानपत्र वाचतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला जुन्या गोष्टी सांगतात. आमच्या वेळी खडक चाखल्याशिवाय आम्ही त्याचं नावसुद्धा लिहीत नसू, भूगर्भवाल्याचं पहिलं हत्यार हातोडा आणि दुसरं जीभ, असं सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

तर एके सकाळी मी पेटी उघडली आणि खड्याचा एक कोपरा गोल झालेला दिसला. मी हवेतल्या ओलाव्याला दोष दिला. पुढच्या आठवड्यात सगळेच कोपरे गोल. त्यानंतर तर तो खडा चघळून बाहेर काढलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा दिसायला लागला. आता ओलावा सगळीकडून इतका सारखा कसा चाटेल? (शब्द माझा नाही, काकांचा. त्यांनीच मला ओलाव्याचा नाद सोडायला लावला आणि म्हणाले, "माणसांकडे बघ.") मी माणसांकडे बघायला लागले. पहिला संशय शेजारच्या खोलीतल्या पर्यावरण विभागाच्या सद्गृहस्थांवर. त्यांना आम्ही सांडपाणीवाले म्हणतो, कारण कारखान्यांचं खारट सांडपाणी असल्याच जीवांकडून साफ करून घ्यायचं त्यांचं संशोधन आहे. त्यांचे जीव गुलाबी, आमचेही निघाले तर गुलाबीच निघणार. माझ्या खड्याची झीज करून त्यांना काय मिळणार होतं, हे मला सांगता आलं नाही, पण ते मला रोज विचारायचे, "काय, कसं काय चाललंय?" एवढी आपुलकी कोण उगाच दाखवतं? दुसरा संशय पहारेकऱ्यावर. तो दुपारी काकडी खातो, आणि काकडीला मीठ लागतं. मी त्याचा डबा दोनदा तपासला. तो बिचारा आता मला बघितलं की डबा आपणहून उघडून धरतो.

आणि मग एक दिवस पेटी रिकामी! काकू, मी खाली बसले. काकांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि रिकाम्या पेटीचं झाकण घाईघाईने लावून टाकलं. किती जीव लावतात! त्याच सुमारास त्यांचा रक्तदाब धाडकन उतरला. डॉक्टर आनंदले, मी मात्र घाबरले. माझ्या काळजीनेच हा माणूस खचला असणार. त्यांचं मन रमावं म्हणून त्यांना काहीतरी छंद लावायचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी स्वतःच एक शोधून काढला. पाय शेकून झालेलं पाणी ते फेकू देईनात. गच्चीत एका पसरट तसराळ्यात ते साठवायला लागले, वर आडवी काठी आणि काठीला बांधलेला दोरा पाण्यात सोडलेला. विचारलं तर म्हणाले, पाणी किती आटतं ते बघतोय, तसराळ्याला हात लावू नकोस. मीही लावला नाही. म्हाताऱ्या माणसाचा एक विरंगुळा, तेवढाच.

पुढचं तर तुम्हाला खरंच वाटणार नाही. काही आठवड्यांनी पेटी उघडली तर खडा जागेवर! आणि कोपरे पुन्हा धारदार! म्हणजे चोराने खरा खडा आधीच पळवला होता आणि आम्ही आठवडेच्या आठवडे भलत्याच गोळीकडे बघत बसलो होतो. पुढे त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने अस्सल माल परत केला. दुसरा काही अर्थ निघूच शकत नाही. तरी मी खात्री करून घेतली. काकांना दाखवला. त्यांनी भिंगातून बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा भिंगातून बघितला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आहे... तोच आहे आत." मी त्याच दिवशी खडा बाहेरून जंतुविरहित करून घेतला, कडेचा एक थेंब सुईने टोचून काढला आणि खाऱ्या पाण्यात सोडला. काकू, बाटली गुलाबी झाली! हळूहळू, बाळाचे गाल होतात तशी. मी त्या बाटलीसमोर उभी राहून रडले. कोट्यवधी वर्षं कोंडलेला जीव माझ्या हातून सुटला होता. पुढच्या आठवड्यात बाहेरून तज्ज्ञांची समिती येतेय. त्यांनी मान्य केलं तर आमचं काम जगापुढे जाईल, नाही केलं तर आमचा विभाग बंद. सांडपाणीवाल्यांनी माझं अभिनंदन केलं. इतक्या मनापासून केलं, की माझा संशय बळावलाच.

पत्र लांबलं. बाळाला गोड पापा, ताईला आशीर्वाद सांगायचं माझं वय नाही म्हणून नुसतं प्रेम, आणि तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
सगळ्यांत धाकटी पुतणी

ता. क. १ : खरं काम आता लिहिते. खडा तोच आहे असं समितीपुढे सांगायला काकांसारखा साक्षीदार नाही. पण विषय काढला की ते अंघोळीला जातात. कालच्या दिवसात तीनदा गेले. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तेवढी एक ओळ त्यांना लिहून पाठवा.

ता. क. २ : (अगं, हे अक्षर माझं आहे, ओळखशीलच. पत्र टपालात टाकायला पोरीने माझ्याकडे दिलं आणि मी ते वाचलं.) तुझ्याजवळ बोलून मोकळा होतो. तो खडा मी चाटला. आधी सवयीने एकदा. जिभेला लागला आणि ती विहीर, तो तंबू, ती सगळी मंडळी डोळ्यांसमोर आली. मग मोह आवरेना. तुमचं ते पांचट जेवण जेवून माणूस दुसरं काय करणार? गोळी उरली तेव्हा भानावर आलो. पाय शेकलेलं पाणी आटून तळाशी मीठ बसायला लागलं, तेव्हा ती दोऱ्याला बांधून त्यात सोडली. पाणी आणखी आटलं तसं तिच्यावर मीठ चढत गेलं आणि ती पुन्हा चौकोनी झाली. वाटलं, दुरुस्त झाली, आणि गुपचूप पेटीत परत ठेवली. पोर लगेच सुई घेऊन बसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिने कडेचा, म्हणजे या नव्या थरातला थेंब टोचला गं. बाटलीत जे गुलाबी वाढलंय ते तू दिलेल्या मिठातलं आहे. तिच्या तोंडाकडे बघितलं की मी अंघोळीला पळतो. खाल्ल्या मिठाला जागायचं तर समितीच्या आधी बोललं पाहिजे. कसं बोलू ते कळव.

ता. क. ३ : काकू, दूध आणायला दहादा सांगावं लागणारे काका पत्र टाकायला चपला घालून तयार, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पाकीट काढून घेतलं आणि वाचलं. काका दारातच उभे होते. मी त्यांच्यावर ओरडले, मग रडले, मग तेही रडायला लागले म्हणून मला थांबावं लागलं. तसेच प्रमुख बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं.  बाईंनी लगेच खडा भिंगाखाली धरला. आत मधोमध लिमलेटच्या गोळीचा आकार स्पष्ट दिसतोय, आणि त्या गोळीत दोन थेंब अजून तसेच आहेत. त्यांना सुई लागलेली नाही आणि जीभही लागलेली नाही. समितीला आम्ही खरं तेच सांगणार आहोत, की बाटलीतला जीव या वर्षीचा आणि काकांच्या पायांखालचा आहे. ते दोन थेंब त्यांच्यासमोर उघडणार. त्यातून काही निघेल की नाही, देव जाणे. 

तेव्हा वरची विनंती रद्द समजा. हे वाचून काकांना एवढ्यात तुमच्याकडे बोलावून घेऊ नका, आणि पाय शेकायची पिशवी ज्या पोत्यातून भरलीत त्याच पोत्यातलं दोन किलो मीठ पाठवा. बाहेरच्या थराशी ताडून बघायला ते पाणी पुन्हा करावं लागेल, आणि पाय तेच हवेत. सांडपाणीवाल्यांची मी माफी मागितली. ते हसून "असू दे" म्हणाले. इतक्या सहज माफ करणारा माणूस नक्की काहीतरी लपवत असणार. थेंब उघडताना समोर उभं राहू दे, असं काकांनी हात जोडून विचारलं. मला नाही म्हणवलं नाही. या म्हटलं, पण तोंडाला फडकं बांधून.