तीसवरची शीळ

सोमवार, ४ मार्च
लागला! एकदाचा रेडिओ सेट लागला! बाबा दुकानात पूर्वी एकेका स्टेशनसाठी वेगळा क्रिस्टल बसवायचे, एकाच ठरावीक गतीनं कंपणारा. फ्रिक्वेन्सीच्या एवढ्या रुंद पट्ट्यासाठी तसं करायचं तर दुकानच विकावं लागेल. म्हणून एकच क्रिस्टल ठेवला, दहा मेगाहर्ट्झचा. शेजारी एक स्वस्तातलं सर्किट — महा चंचल! त्याची कंपनं भागायची, क्रिस्टलशी ताडून पाहायची, भरकटलं की कान धरून जागेवर आणायचं. भागायचा आकडा बदलला की नवी फ्रिक्वेन्सी.

"एका क्रिस्टलवर सगळा संसार?" बाबा म्हणाले. चेहरा मात्र फुलला होता.

तीस मेगाहर्ट्झवर लावून पाहिला; मागे एक बारीक शीळ येते. बघू.

मंगळवार, ५ मार्च
शीळ आहेच. बाबांना विचारलं. "कुठली शीळ गं? नुसती खरखर तर आहे."

म्हणजे माझ्याच कानात! आत्याचं बहिरेपण शिळेपासूनच सुरू झालं होतं. घरी आल्यावरही ऐकू येते, की भास होतो? फार भीती वाटते. कान गेले तर या कामात माझं काय उरलं?

गुरुवार, ७ मार्च
कानाच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "ठणठणीत आहेत! बिघडायला लागले की आधी बारीक, उंच आवाज जातात. तुम्हाला तर सगळे ऐकू आले." जीव भांड्यात पडला. येताना रस्त्यातले हॉर्नसुद्धा गोड वाटले!

शुक्रवार, ८ मार्च
मग शीळ कुठली? एरियल काढली — तरी आहेच! एकतीसवर गायब. वीसवर आहे, चाळीसवर आहे. दहाचा पाढा! म्हणजे आमचा क्रिस्टलच गातोय आणि सेट स्वतःचंच गाणं ऐकतोय. आम्हा बापलेकीला सवय गोल आकड्यांची, रोज चाचणी तीसवरच! कपाळावर हात मारला आणि एकटीच हसत सुटले.

शनिवार, ९ मार्च
क्रिस्टलवर पत्र्याची डबी बसवली. शीळ बंद! बाबा घरी होते. त्यांना सांगितलं, चोर सापडला, सोमवारी शिळेशिवाय ऐकवते. आज मी पोटभर जेवले.

सोमवार, ११ मार्च
बाबांना सेट तीसवर लावून दिला. सकाळी सांधा डाग देऊन पक्का करायला काढलेली डबी परत बसवायची राहूनच गेली होती — शीळ चांगली कर्कश. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "व्वा! आता कसं स्वच्छ!"

डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. बाबांसाठी.