खालच्या मजल्याची सही

डेव्हेंटर,
९ नोव्हेंबर

प्रिय आलाइडा,

चौदा वर्षांपूर्वी आम्ही वर राहायला आलो, तेव्हा तुम्ही जिन्यात म्हणाला होतात, "तुमची पावलं वाजली की मला सोबत असल्यासारखं वाटेल." मी ते नुसतं सौजन्य समजले होते. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे मी ठीक. पावसाने सायकलची साखळी गंजली, एवढंच.

एक डिसेंबरला आई माझ्याकडे कायमची राहायला येतेय. तिच्या चाकांच्या वॉकरला आमचा गालिचा अडतो, भेटीला आली तेव्हा दोनदा पडली. म्हणून गालिचा काढून खाचेत खाच बसणाऱ्या फळ्यांची जमीन घालायची ठरवली. आपल्या इमारतीच्या मंडळाचा नियम तुम्हाला माहीत आहेच: अशा कडक जमिनीला खालच्या घराची लेखी संमती लागते. ती नसेल तर फळ्या काढायच्या, आणि आईने वृद्धाश्रमात जायचं.

संमती न घेताच आम्ही शनिवारी पुढची खोली केली. फळ्या दोन दिवस खोलीत नुसत्या पडू दिल्या होत्या, खाली जाड अस्तर घातलं, भिंतींपासून बोटभर जागा सोडली. पहिली ओळ सरळ बसायला तास गेला. फळी तिरपी धरायची, खाचेत सरकवायची, दाबायची, मग ठोकळा लावून हातोडी. प्रत्येक ठोक्याला मी खालून तुमच्या छतावर झाडूचा दांडा वाजायची वाट पाहत होते. भाऊ हार्मेन म्हणाला, "तुझी शेजारीण मेली की काय गं? माझी असती तर एव्हाना पोलीस आणले असते." संध्याकाळी तुम्ही जिन्यात भेटलात आणि विचारलंत, आईची खोली झाली का.

तुम्ही सही कराल, हे मला तिथेच कळलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

बाउकेच्या शेवटच्या हिवाळ्यात तुमच्या पियानोच्या शिकवण्यांविरुद्ध मंडळाकडे तक्रार गेली. तुम्ही समजता तशी ती तळमजल्यावरच्या डाइकमनांनी केली नव्हती. मी केली होती. आजारी नवऱ्याला, बाउकेला, दुपारी पियानोचा त्रास होतो, असं लिहिलं होतं. मंडळाने शिकवण्या बंद केल्या, आणि तुमचा पियानो खिडकीतून दोरांवर खाली उतरला तेव्हा मी पडद्याआड उभी होते. त्याच आठवड्यात तुम्ही आमच्यासाठी वाटाण्याचं सूप घेऊन आलात. मी भांडं धुऊन परत दिलं. पाच वर्षं तुम्ही डाइकमनांच्या नमस्काराला उत्तर देत नाही, आणि मी ते रोज पाहते. उद्या त्यांनाही मी स्वतः सांगणार आहे.

अजून एक. बाउकेला त्रास होत नव्हता. तो मला म्हणायचा, "दार उघडं ठेव गं. ती मुलगी आज तरी त्या जागी चुकत नाही का, बघू." त्रास मला होत होता. खाली कोणीतरी रोज थोडं थोडं सुधारत होतं, ते मला ऐकवत नव्हतं.

संमतीचा कागद सोबत ठेवलेला नाही. तो मागायचा हक्क आधी मिळवायला हवा. तुमच्या जागी मी असते तर दारही उघडलं नसतं, तरी मागते: रविवारी वर या, बूट घालून त्या जमिनीवर हवं तितकं चाला, आणि तेवढा वेळ मला खाली तुमच्या घरात एकटीला बसून ऐकू द्या.

तुमच्या डोक्यावर राहणारी,
रिनस्के