बाजूनं काढलेली फिल्म

मास्तर,

काल मी डॉक्टरांच्या तोंडावर बोललो. न विचारता. एक्स-रेवाल्यानं फिल्म द्यायची आणि गप्प बसायचं, हा तुमचा नियम मोडला, आणि मोडून मला अजिबात वाईट वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठाण्यात ज्या दवाखान्यात मी हल्ली मशीन चालवतो तिथं कारखान्यात काम करणारी एक बाई आलेली, कंबर धरून. फिल्म साफ निघाली. डॉक्टर म्हणाले, "नाटक आहे. रजा पाहिजे असेल." मी ओली फिल्म धरून बाजूला उभा होतो. म्हटलं, "डॉक्टर, फिल्म साफ आहे, पण टेबलावर कूस बदलताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते फिल्मवर उमटत नाही." डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मशीनच बोललं. मग म्हणाले, "आपण उद्या बोलू." तो उद्या म्हणजे आज. दहाला जायचंय. आत्ता आठ वाजलेत, मी तलावाच्या कट्ट्यावर बसून हे लिहितोय, आणि तुम्हाला जाऊन आठ वर्षं झालीत. तरी भांडायला मला तुम्हीच आठवलात.

मी तुमच्याकडे आलेलो कसा, आठवतंय? मॅट्रिकला दोनदा आपटलेलो. वडील ठाण्यात कारकून, त्यांचं बोलणं ऐकायला नको म्हणून घरातून निघालो ते पुण्याला जायला, आणि भूक लागली म्हणून कल्याणला उतरलो. भज्यांचा वास काढत काढत स्टेशनपासून कुठल्या कुठे गेलो. लढाईच्या वेळच्या त्या बराकी तेव्हा निम्म्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी भरलेल्या, दोऱ्यांवर पापड वाळत घातलेले, आणि एका रांगेत आपलं लढाईवरून आलेल्या जवानांचं हॉस्पिटल. तुम्ही गोणपाटात बर्फाची लादी घेऊन चाललेलात, डेव्हलपरच्या टाक्या गार ठेवायला. मला बघून नाव नाही, गाव नाही, "धर रे एक बाजू." धरली. मला नोकरीला असं कोणी ठेवलंच नाही मास्तर, मी बर्फ धरला आणि दोन वर्षं राहिलो.

लाल दिव्याच्या त्या खोलीत तुम्ही जे शिकवलंत ते अजून हातात आहे. छातीचा फोटो काढताना पेशंटला दम धरायला सांगायचं आणि आपणही धरायचा, आपला संपला की समजायचं त्याचाही संपला. आणि हाताचा असो नाहीतर पायाचा, एकच फोटो कधी काढायचा नाही. एक समोरून, एक बाजूनं. फिल्म वाचावी म्हणून तुम्ही फिल्मच्या कॅसेटच्या अर्ध्या भागावर किरण अडवणारा शिशाचा पत्रा ठेवायचात, एक फोटो झाला की पत्रा दुसऱ्या अर्ध्यावर. एकाच फिल्मवर दोन्ही बाजू शेजारी शेजारी. "समोरून सगळंच आत दिसतं," तुम्ही म्हणायचात. "सदऱ्याचं बटणसुद्धा पोटात दिसतं." किरणांनी चिरा पडलेली तुमची बोटं तो पत्रा इतकी जपून उचलायची, मला हसू यायचं. तेव्हा मला कशाचंही हसू यायचं.

चष्म्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लहानपणापासून माझं डोकं ठणकायचं. वडील म्हणायचे ढोंग, शाळेतले गुरुजी म्हणायचे ढोंग, मलाही वाटायला लागलेलं की असेल बाबा ढोंग. ओल्या फिल्म नाकाला लावून बघायचो, सदऱ्यावर हायपोचे, फिल्म पक्की करायच्या पाण्याचे, डाग पडायचे. तुम्ही एका रविवारी काही न सांगता कल्याणात चष्मेवाल्याकडे नेलंत. वाटेत मी आपला बचाव करत म्हटलं, "मास्तर, डोकं खरंच दुखतं हां." तुम्ही म्हणालात, "मी कुठं खोटं म्हटलं?" बस्स. एवढंच. परतीच्या वाटेवर मी दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत आलो, एकूण एक, शेवटी तुम्ही वैतागलात, "पुरे रे. मलापण वाचता येतं." तोच चष्मा आत्ता नाकावर आहे. काचा दोनदा बदलल्या, फ्रेम तुमचीच.

म्हणून तर नाखवाच्या वेळी मी पेटलो.

नाखवा आपल्या खाडीवरचाच कोळी. लढाईत ब्रह्मदेशात नदीवरच्या सरकारी बोटींवर होता. तिथं एकदा बोट आणि धक्क्याच्या मध्ये त्याची मांडी सापडली. हाड जुळलं, पण पाय काही सुधारला नाही. वॉर्डात कण्हणारा एकही आवाज त्याचा नसायचा, पण मांडीची घडी घालता येत नाही म्हणून तो उभ्यानं जेवायचा. मला म्हणायचा, "पोरा, आतला फोटू काढतंस, येकदा बाहेरचा काढ की. बायकोला धाडतो." पहिली फिल्म साफ आली तेव्हा त्यानं विचारलं, "काय दिसलं रं?" मी म्हटलं, "हाड साफ आहे नाखवा." तो म्हणाला, "साफ हाय तं मंग दुखतंय कोनाला?"

त्या गुरुवारी लष्करातल्या साहेबांचं बोर्ड बसणार होतं. कोणाची खाट ठेवायची आणि कोणाला घरी धाडायचं ते ठरणार होतं. घरी धाडण्याचं मला काही नव्हतं. पण फिल्म साफ असलेल्याच्या कागदावर ते 'ढोंगी' असा शेरा मारायचे, आणि तो कागद त्याच्या गावात, जातीत, सगळीकडे त्याच्या आधी पोचायचा. बोर्डासाठी नाखवाची नवी फिल्म हवी होती. तुम्ही बाहेर बर्फवाल्याशी वाद घालत होतात. मी तुमच्या शिशाच्या पत्र्याचा कोपरा कात्रीनं कापला, नखाएवढा, वेडावाकडा, बॉम्बचा तुकडा असतो तसा. नाखवाला उताणं झोपवलं आणि मांडीच्या मागच्या बाजूला तो चिकटपट्टीनं लावला. "ह्ये काय लावतंस?" त्यानं विचारलं. "निशाणी," मी म्हटलं. "बरं," म्हणाला. फक्त समोरून फोटो काढला. डेव्हलपरमध्ये तो तुकडा मांडीच्या मधोमध पांढराशुभ्र वर येताना बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तुम्ही आत आलात. फिल्म हायपोत होती. अर्धी बाजू कोरी. तुम्ही कोऱ्या बाजूकडे बघितलंत, मग पत्र्याच्या कोपऱ्याकडे, माझ्याकडे मात्र बघितलंतच नाही. बाहेर जाऊन नाखवाला कुशीवर वळवलंत आणि स्वतः बाजूनं फोटो घेतलात. लाल दिव्यात आपण दोघं टाकीवर वाकून उभे आहोत. मांडी वर येते, हाड वर येतं, आणि तो तुकडा मांडीच्या बाहेर, काळ्या हवेत टांगलेला. फिल्म निथळायची वाट न बघता तुम्ही ती टेबलाकडे नेलीत आणि विचारलंत, "नाखवा, तुझ्या पायात लोखंड आहे का रे?"

"नाय मास्तर. लोखंड मी कंदी बोललो? होरी आनि धक्का, मधी मांडी. इतकाच." मग त्यानं हात मागे नेऊन चिकटपट्टी ओढून काढली, तुकडा बघितला आणि टेबलावर ठेवला. "ह्ये पोराचं हाय. त्याला द्या." माझ्यावर रागावला असता तर परवडलं असतं.

तुम्ही त्या दोन्ही फिल्म कात्रीनं बारीक केल्यात, नवीन काढलीत, साफ, दोन्ही बाजूंनी साफ, आणि मग मला म्हणालात, "आजपर्यंत हा माणूस खरा होता. तू अर्धा तास त्याला खोटा केलास." ते वाक्य मी नऊ वर्षं वागवतोय. शीळफाट्याला ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा, मिठागरावर राबलो तेव्हा, ठाकुर्लीला कोळसा ओढला तेव्हा, प्रत्येक ठिकाणी मी तुम्हाला नवं उत्तर दिलंय. त्या दिवशी दिलेलं मात्र अजूनही मला सगळ्यांत बरं वाटतं. मी ओरडलो होतो, "तो खरा होता, मग त्याच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचं? माझं डोकं दुखायचं तेव्हा तुम्ही कुठली फिल्म काढलीत? मानलंत ना? मग त्याची मांडी का नाही मानत?" तुम्ही म्हणालात, "मी मानतो." मी म्हटलं, "मग सांगा की बोर्डाला!" तुम्ही पत्र्याचा कापलेला कोपरा कानशीनं घासून गुळगुळीत करत बसलात. म्हणालात, "फिल्म घेऊन जा. वेळ झाली."

बोर्डानं 'ढोंगी' लिहिलं. नाखवा काठी टेकत खाडीच्या दिशेनं गेला, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी मी गेलो. तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही. वर्षभरानं शीळफाट्याला चहाच्या टपरीवर आपला जुना वॉर्डबॉय भेटला. म्हणाला, मास्तर गेले, बोटांच्या त्या चिरांपासून सुरू झालं आणि वर चढलं. म्हणाला, शेवटी स्वतःच्या हाताची फिल्म स्वतःच काढली, दोन्ही बाजूंनी. मी चहा संपवला आणि ट्रकवर चढलो. रडलो नाही. मला राग होता आणि तो मला हवा होता.

अजून आहे. शिसं लावलं ते चूक होतं, मान्य. कोणाला न विचारता त्याच्या अंगात तुकडा घालायचा मला अधिकार नव्हता. पण त्यामागचं म्हणणं चूक नव्हतं, आणि ते मी मागे घेणार नाही, तुमच्यापुढे नाही आणि आज दहा वाजता डॉक्टरांपुढेही नाही. काढतील तर काढोत. कल्याण, डोंबिवली, कुठेही मशीन असेल तिथं जाईन, आणि तिथंही बोलेन.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. दवाखान्यातल्या रिकाम्या फिल्मच्या पाकिटात घालून ठेवीन. म्हणजे कोणी बघणार नाही, म्हणजे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. नऊ वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलोय की मास्तर बोर्डापुढे गप्प राहिले. तुम्ही तिथं नव्हतात. तुम्ही बराकीत होतात, बाहेर पेशंट बसलेले. खिडकीच्या उजेडात नाखवाची फिल्म धरून मी उभा होतो. साहेबांनी फिल्म बघितली, नाखवाकडे बघितलं, मग पेन उचलायच्या आधी माझ्याकडे बघून विचारलं, "और कुछ?" नाखवाही माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "नहीं, साब."